चार मीटर वीसची वाट

एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला मी नगररचना खात्यात होतो हे मी कधीही सांगत नाही. शिक्षक होतो म्हणतो. एकदा खरं सांगून बघितलं होतं. साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो आणि शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "कुठल्या खात्यात?" मी बोलून गेलो. नागठाणे यायच्या आत त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून सातबारा काढला, उंब्रजला तो माझ्या मांडीवर पसरला, आणि कराड स्टँडवर मी चहाला उतरलो तर माझ्यामागोमाग आणखी तिघं उतरले. चौघांचा प्रश्न एकच. "आमचं रान पिवळ्यात कवा येनार?"

बाहेरच्या माणसाला हे पिवळं प्रकरण समजावून सांगायला हवं. गाव वाढायला लागलं की पुढच्या वीस वर्षांत त्यानं कुठं आणि कसं वाढावं याचा एक नकाशा करावा लागतो. त्याला विकास आराखडा म्हणतात. राहायची घरं जिथं बांधता येतील तो भाग पिवळा. शेती हिरवी. बाजारपेठ निळी. नवे रस्ते लाल रेघांनी दाखवायचे. एवढंच शास्त्र. पण हिरव्यातल्या रानाकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि तेच रान पिवळ्यात आलं की बांधावर चारचाकी गाड्या उभ्या राहतात. त्यामुळं माणसं आमच्या मागे लागतात. लग्नात पंगतीला बसावं तर वाढपी जिलबी वाढता वाढता गट नंबर सांगतो. एका मयताला गेलो होतो, तिथं एक जण खांदा बदलताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, दहावा झाला की येतो हापिसात. नकाशा बघायचाय."

मी काही साहेब नव्हे. मी रचना सहायक. साहेब नकाशावर सही करतात, आम्ही उन्हात फिरून तो भरतो. चौतीस वर्षं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मी हेच केलं. आमची ही म्हणते, "तुम्ही भाजी निवडायला बसलात तरी आधी हिरवं बाजूला काढता." म्हणू दे. मला माझ्या कामाचा अभिमान आहे. माझ्या हातच्या नकाशात कुणाची विहीर चुकली नाही, कुणाचं देऊळ हललं नाही.

हरकतींची सुनावणी हा तर आमच्या नोकरीतला खरा करमणुकीचा भाग. आराखडा जाहीर झाला की लोकांना महिनाभर हरकत घेता येते. मग एक समिती बसते आणि एकेकाला बोलावून ऐकून घेते. सांगलीत असताना एका गृहस्थांच्या बंगल्याला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर आम्ही स्मशानभूमी दाखवली होती. गृहस्थ आले. माणूस सभ्य, आवाज हळू. मला वाटलं, आता धूर, अशुभ, वास्तुशास्त्र असं सगळं निघणार. ते म्हणाले, "माझी स्वतःची काही तक्रार नाही हो. पण आई ब्याण्णव वर्षांची आहे. तिला परवा कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. म्हणते, एवढी घाई झाली होती का रे तुला?" समितीनं हसू दाबत स्मशानभूमी ओढ्यापलीकडे नेली. पुढं त्या आजींना मी एकदा भेटलो. त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

असे किस्से हवे तेवढे आहेत. पण संपादकांनी लिहायला सांगितलंय तर जे आजवर कुणाला धड सांगितलं नाही तेच सांगतो. ती माझी चूक आहे.

गावाचं नाव सांगत नाही. तिथं माझं अजून जेवणखाण आहे, ते मोडायचं नाही. कराडच्या बाजूचं गाव, नुकतीच नगरपंचायत झालेली. चारी अंगांनी ऊस आणि उसात मधेच उगवलेली तीन मजली घरं. आराखडा करायच्या आधी आज जमिनीवर काय आहे ते जसंच्या तसं टिपावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे होतं. घर तर घर, गोठा तर गोठा, रस्ता तर रस्ता. यात अक्कल चालवायची नाही, दिसेल ते लिहायचं, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मी ते फार मन लावून शिकलो होतो.

जानेवारीचे दिवस होते. फिरत फिरत गावाच्या पूर्वेला गेलो तर डांबरी रस्त्यापासून एक पांढरीशुभ्र, टणक वाट निघालेली. सरळ रानांमधून पार ओढ्यापर्यंत. तिच्यावरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर धुरळा उडवत चाललेले. मी मनात म्हटलं, व्वा! हा रस्ता गावाच्या जुन्या नकाशात कसा नाही?

तेवढ्यात एक उंच, ताठ गृहस्थ समोर आले. पांढऱ्या मिशा, पायात फौजेचे बूट, डोक्याला टॉवेल. "जय हिंद साब! कसली मोजणी चाललीय?" हे सर्जेराव सुभेदार. सव्वीस वर्षं फौजेत काढून आलेले. वाटेच्या दोन्ही बाजूंचं रान त्यांचंच. मी काम सांगितलं तसं त्यांनी माझ्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि वाटेच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. "टेप टाईट धरा, साब. झोळ नको." मग वाकून बघितलं आणि अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या पाटातले बगळे उडाले. "चार मीटर वीस, साब!"

मोजमापाला एक स्थानिक साक्षीदार लागतो. मी कागद पुढं केला. "कशाची सही, साब?" मी म्हटलं, "काही नाही हो, नुसती नोंद." त्यांनी झोकात सही केली, खाली हुद्दा लिहिला, पलटणीचं नावही घालणार होते पण रकाना संपला.

मग म्हणाले, "जेवून जावा."

वाटेच्या कडेलाच, आंब्याच्या झाडाखाली, जमिनीवर दगडांच्या रांगा मांडलेल्या होत्या. मधेच तीन दगडांची चूल पेटलेली आणि तिथं सुभेदारांच्या मंडळी भाकरी थापत होत्या. त्या शालनकाकी. मी दगड ओलांडून सरळ आत जायला लागलो तशा त्या ओरडल्या, "आवं भाऊसाहेब, भिताडातनं कशाला येताय? दार तिकडं हाय!"

ते त्यांचं घर होतं. अजून एक वीट आलेली नव्हती, पण दगड मांडून त्यांनी सोपा, माजघर, न्हाणी सगळं आखलं होतं. चूल मांडली होती ती जागा ओट्याची. "वारं कुठनं येतंय ते बघतीया," त्या म्हणाल्या. "धूर डोळ्यात आला तर ओटा फिरवून घेनार. महिना झाला, रोज हितं रांधतीया." लग्न झाल्यापासून काही वर्षं फौजेच्या क्वार्टरात, बाकी सगळी सासूच्या आणि मग थोरल्या जावेच्या चुलीशी. स्वतःचा ओटा असा कधी मिळालाच नव्हता. सुभेदार दर रजेला म्हणायचे, पेन्शनीत आलो की पहिलं तुझं घर. आता ते पेन्शनीत आले होते. अक्षय्य तृतीयेला पाया खणायचा होता.

मी सोप्यात मांडी घालून बसलो, म्हणजे धुळीतच. भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर काकवी. त्या वाटेबद्दल मी तेव्हा एकच प्रश्न विचारायला हवा होता. ही वाट पावसाळ्यात कुठं असते? विचारला नाही. काकवी फार चांगली होती.

मी वाईच्या पेठेत वाढलेला माणूस. ऊस माहीत होता तो रसवंतीतला, आणि नोकरीतही बहुतेक शहरांच्या गल्ल्याच मोजलेल्या. उसाच्या मुलखाची एक रीत असते ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. ज्याचं रान आत, ओढ्याकाठी असतं, त्याला ऊस बाहेर काढायला पुढच्याच्या रानातून जावं लागतं. मग पुढच्याचा ऊस तुटला की रिकाम्या रानातून मागच्याला वाट द्यायची. त्याचा कागद नसतो, हक्क नसतो. मागच्यानं मागायची, पुढच्यानं द्यायची. पंधरा दिवस ट्रॅक्टर गेले की माती अशी काही दबते की नवख्याला वाटावं, आजोबांच्या काळापासूनचा रस्ता आहे. मग पुढचा नांगर घालतो, पाणी सोडतो, आणि वाट नाहीशी होते. पुढच्या साली दुसऱ्याच अंगानं निघते. म्हणजे मी नकाशावर रस्ता म्हणून जी रेघ मारली तो रस्ता नव्हताच. ती सुभेदारांची माणुसकी होती आणि मी तिची रुंदी मोजून आणली होती.

वाट द्यायची ती पुन्हा कुणाला? तर बापूला. बापू म्हणजे सुभेदारांचे सख्खे चुलतभाऊ. दोघांचं तीस वर्षं बोलणं नाही. बांधावरच्या एका बाभळीवरून भांडण झालेलं. बाभूळ कधीच वादळात पडली, भांडण उभंच होतं. सुभेदार फौजेत असतानाही रजा ऊस तुटायच्या वेळीच घ्यायचे. तेव्हा, वर्षातून एकदा, बापू बांधावर यायचे, टोपी हातात घ्यायचे आणि विजेच्या खांबाकडे बघत म्हणायचे, "वाट पायजे." सुभेदार आंब्याकडे बघत म्हणायचे, "घे." झालं त्या वर्षाचं बोलणं.

हे सगळं मला कळलं ते आराखडा छापून झाल्यावर.

माझी नोंद वरच्या साहेबांकडे गेली. साहेब तरुण, हुशार, रस्त्यांचे भोक्ते. त्यांनी उपग्रहाचा फोटो उघडला. उपग्रहही नेमका ऊस तुटल्यावरच वरून गेलेला! त्यातही पांढरी रेघ लख्ख. साहेब खूश. "उत्तम. रस्ता आहेच, तो अठरा मीटर करू. ओढ्यापर्यंत नेऊ, दोन्हीकडे रहिवास देऊ." लाल रेघ पडली, वाढीव रुंदी सगळी आंब्याच्या अंगाला. दोन्हीकडे पिवळं. अख्ख्या गावात त्या बाजूचे लोक पेढे वाटत होते. आणि अठरा मीटरच्या त्या पट्ट्यात शालनकाकींचं दगडांचं घर अख्खंच्या अख्खं बसलं होतं. अक्षय्य तृतीयेच्या आधीपासून पडून असलेला बांधकामाचा अर्ज नगरपंचायतीनं परत केला. कारणाच्या रकान्यात तीन शब्द होते, "नियोजित रस्त्याने बाधित."

सुनावणीला सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून आले. मागे काकी. समितीचे अध्यक्ष गावातलेच एक नगरसेवक होते, अण्णा. प्रशस्त देह, पायात करकरणारी नवी कोल्हापुरी. सुभेदारांनी सावधान उभं राहून हरकत वाचली. "त्या ठिकाणी रस्ता न्हाई, कवाच नव्हता."

साहेबांनी शांतपणे माझा कागद काढला. "ही मोजणी. रुंदी चार मीटर वीस. खाली साक्षीदार. ही सही कुणाची?"

सुभेदारांनी चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, फसवून घेतली, दाबून घेतली, माझी नव्हेच. ते म्हणाले, "सही माझी हाय."

"मग?"

"रस्ता न्हाई. पर सही माझी हाय."

सगळे हसले. अण्णा तर टेबलावर हात मारून हसले. सुभेदारांच्या पाठीमागून काकींनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा उठून म्हणायला हवं होतं की नोंद माझी आहे आणि ती चुकली आहे. मी चष्मा पुसत बसलो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, चौकशी लागली तर काय, असं मनात आलं. चष्मा स्वच्छच होता. आजही तो प्रसंग आठवला की मला माझी लाज वाटते.

चार दिवसांनी काकी एकट्याच हापिसात आल्या. पिशवीतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. काकवी. "घ्या. तवा आवडली हुती तुमास्नी." मला तोंड वर करवेना. मग म्हणाल्या, "एक काम करा. त्यो नकाशा काढा आन् माझा ओटा रस्त्याच्या कुठल्या अंगाला येतोय त्येवढं मोजून सांगा."

मी पट्टी लावली. सांगावंसं वाटेना, पण सांगितलं. "बरोबर मधोमध."

काकींनी नकाशावर माझ्या पट्टीशी बोट टेकवलं. "म्हंजी मधल्या दुभाजकावर बसून सैपाक करायचा. बरं झालं. दोन्ही अंगाच्या गाड्यांस्नी वाढता तरी येईल."

असं म्हणून त्या हसल्या आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. मग पिशवीची घडी घालून निघून गेल्या. मी त्याच दुपारी साहेबांना टिपण लिहिलं की या हरकतीचा निर्णय समितीनं जागेवर जाऊन घ्यावा. त्यात चुकीबद्दल एक अक्षर नव्हतं. तेवढा धीर अजून झाला नव्हता.

आता आमच्या खात्याचा कारभार. टिपण गेलं हिवाळ्यात, तारीख मिळाली भाद्रपदात.

भाद्रपदात त्या बाजूला ऊस केवढा असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन पुरुष उंच, आणि आत हात घातला तर हात दिसत नाही. समिती दोन गाड्या भरून आली. साहेबांच्या हातात नकाशा, अण्णांच्या पायात तीच कोल्हापुरी. बांधावर सुभेदार आणि काकी उभे. दगडांचं घर गवतात बुडालेलं, ओट्याची जागा तेवढी काकींनी साफ ठेवलेली.

साहेबांनी नकाशा फिरवून फिरवून बघितला. "रस्ता इथूनच जातो."

समोर उसाची भिंत.

"असंल आत," अण्णा म्हणाले. "सरकारी नकाशा हाय, खोटा कसा असंल? चला." आणि ते शिरले. त्यांच्यामागे साहेब, त्यांच्यामागे समिती, शेवटी मी. सुभेदारांनी मागून हाक दिली, "साब, गाईड देऊ का?" पण अण्णांना गाईड नको होता. स्वतःच्या गावात कसला आलाय गाईड!

पहिली दहा पावलं सगळे नेटानं गेले. मग उसाची पानं तोंडावर, मानेवर, हातावर सपासप कापायला लागली. सरीत कालचं पाणी होतं. कुणीतरी म्हणालं डावीकडे, कुणी म्हणालं उजवीकडे. एका बाईंनी, त्या समितीतल्या जाणकार सदस्य होत्या, मोबाईलवर नकाशा उघडला. तो म्हणाला, तुम्ही रस्त्यावरच आहात, सरळ चालत राहा. तेवढ्यात पुढून अण्णांचा आवाज आला. "आरं थांबा! माझी चप्पल ग्येली!"

उजवी कोल्हापुरी चिखलात रुतली होती. मी आणि साहेब कोपरापर्यंत हात घालून चाचपडत होतो. साहेबांचा नकाशा पाण्यात पडला आणि त्यातला पिवळा रंग माझ्या डोळ्यांदेखत हिरव्यात पसरत गेला. चप्पल काही मिळाली नाही. आम्ही बाहेर पडलो ते भलत्याच बाजूनं, ओढ्याकाठी, बापूंच्या रानात. सगळ्यांच्या गालांवर ओरखडे, आणि अध्यक्ष एका पायानं अनवाणी. बापू पाण्याच्या मोटारीच्या खोपटापाशी विडी ओढत उभे होते. एवढी वरात उसातून बाहेर पडताना बघून त्यांनी विडी टाकली आणि टोपी हातात घेतली. सुभेदार आणि काकी बांधाबांधानं आरामात चालत आमच्या आधीच तिथं पोचले होते.

अण्णा हाशहुश करत दगडावर बसले. "ए बापू, हितं रस्ता हाय का न्हाई रं?"

त्याआधी मी बोललो. कसा बोललो कुणास ठाऊक. उसानं गाल फाटला होता, तो चुरचुरत होता, त्याचाच काही गुण असेल. "अण्णा, त्यांना विचारण्याआधी माझं ऐका. ती नोंद माझी आहे. मी जानेवारीत आलो, ऊस तुटलेला होता, वाट दिसली, मी रस्ता लिहिला. कुणाला विचारलं नाही. सुभेदारांनी सही केली ती मोजमापाची. मी त्यांना म्हणालो होतो, नुसती नोंद आहे. चूक माझी आहे."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी राहिलेली नोकरी मला तिथंच सरीत बुडताना दिसली.

"ते आसू द्या," अण्णा म्हणाले. "रस्ता पडला तर बापूचं रान अठरा मीटरला लागतंय. परवाच पुन्याची गाडी येऊन गेली न्हवं रं तुझ्याकडं? तू म्हनलास की वाट पूर्वापार हाय, माझ्या हक्काची हाय, तर रस्ता ऱ्हातोय. बोल. तुझा काय जबाब?"

काकींनी सुभेदारांचा दंड धरला होता. माझ्या लेखी आतापर्यंत बापू म्हणजे नुसता एक गट नंबर होता. आता कळलं की त्या बाईचं घर या गड्याच्या जिभेवर आहे, आणि तो गडी तीस वर्षं त्या घराशी बोलत नाही.

बापूंनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. बघितलं विजेच्या खांबाकडेच.

"वाट त्याची हाय," ते म्हणाले. "मी मागून घेतो."

"कागदावर बी तसंच लिहू?"

"लिवा की. दर साली मागतो, दर साली देतो त्यो. एकदा न्हाई म्हनला न्हाई. आता माझ्या हक्काची म्हनून सांगितलं तर फुडल्या साली कुठल्या तोंडानं मागू?"

काकींनी तिथंच पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडून घेतलं. सुभेदार आंब्याकडे बघायला लागले, पण आंबा त्या बाजूला नव्हताच.

अण्णा उठले. अनवाणी पाय झटकला. "साहेब, लिहा. मी सोता रस्त्यावरनं चालून आलो आन् माझी नवी चप्पल घालवून बसलो. जिथं अध्यक्षाला चप्पल गावत न्हाई तिथं रस्ता न्हाई. हरकत मान्य." साहेबांनी हेच सरकारी भाषेत लिहिलं, चप्पल वगळून. रस्ता तिथून काढला आणि ओढ्याच्या बाजूनं, सरकारी जागेतून दाखवला. तो तिथं अजून नकाशातच आहे.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी तीन पानी खुलासा दिला. त्यात ऊस कधी लावतात, कधी तुटतो आणि वाट म्हणजे काय, हे सगळं सविस्तर लिहिलं. साहेबांनी तो वाचून मला बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही हे आधी वाचायला द्यायला हवं होतं." पुढं मी जिथं जिथं सर्वेक्षणाला गेलो, तिथं प्रत्येक रस्त्यावर उभं राहून आधी विचारायचो, "पावसाळ्यात हा कुठं असतो?" कडेगावला तर एका म्हाताऱ्यानं मला वेड्यात काढलं. रस्ता सिमेंटचा होता.

आराखडा मंजूर होऊन यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी निवृत्त झालो. मग एक दिवस फोन आला. "जय हिंद साब! वास्तुशांत हाय. सहकुटुंब या."

गेलो. घर जिथं दगड होते तिथंच. सोपा, माजघर, न्हाणी. काकींनी मला दारातून आत घेतलं. "आता भिताडातनं यायचं न्हाई," म्हणाल्या. ओट्यापाशी नेलं. ओटा खिडकीखाली, वारा बरोबर येणारा. आमच्या हिला त्यांनी तिथं उभं करून, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, चहा करायला लावला.

मी मागच्या अंगणात आलो. जुनी खोड. घराला तीन बाजूंनी लगत पक्की भिंत घातलेली. पूर्वेला मात्र भिंत दूर सरकवलेली आणि मध्ये लांबलचक मोकळी पट्टी, रस्त्यापासून थेट मागच्या रानापर्यंत. तिला दोन्ही टोकांना फाटक नाही, साखळी नाही. एवढी जागा कुणी वाया घालवतं का, असं माझ्या मनात आलं. मी पावलं मोजायला लागलो.

"पावलानं कशाला, साब?" सुभेदार मागे उभे होते, हातात टेप. एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि घराच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. "टाईट धरा."

मी वाकून बघितलं. चार मीटर वीस.

बांधावर बापू आले होते. वास्तुशांतीचं आमंत्रण काकींनी स्वतः जाऊन दिलं होतं, त्यामुळं अंगात नवा सदरा होता. पण ऊस तुटायचे दिवस होते. त्यांनी टोपी हातात घेतली आणि विजेच्या खांबाकडे बघत म्हणाले, "वाट पायजे."

"घे," सुभेदार म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "जेवून जा."

मी टेप गुंडाळायला लागलो. सवयीनं हात खिशातल्या पेनाकडे गेला असावा, कारण सुभेदारांनी मनगट धरलं.

"मोजलं ते मोजलं, साब. पर ह्याची नोंद करू नका. आन् ह्या येळंला मी सही बी करनार न्हाई."